हाकेला ओ

अमरावतीच्या नादपेठेत दर सोमवारी सकाळी सगळी मंडळी श्रवणकक्षात जमत आणि गेल्या आठवड्यात पेठेत काय आलं, काय गेलं, याचा पाढा वाचला जाई. नादपेठ म्हणजे आवाजांचा बाजार. दुकान कुठेच नाही, सगळा व्यवहार महाजालावर. सिनेमावाल्याला करकरणारं दार हवं, जाहिरातवाल्याला तडतडणारी मोहरी हवी, खेळ बनवणाऱ्याला जंगलातली रात्र हवी. ज्याने त्याने यावं, ऐकावं आणि पसंत पडेल ते घेऊन जावं. देशोदेशीचे ध्वनिमुद्रक आपापले आवाज इथे विक्रीला ठेवत. या सगळ्याची खबर देणारं साप्ताहिक म्हणजे ‘पेठवार्ता’, आणि ते पहिल्या अंकापासून एकहाती लिहीत होत्या कुंदा रणपिसे.

पन्नाशी ओलांडलेल्या कुंदाताईंची जीभ तिखट होती आणि कान त्याहून तिखट. हा आवाज स्टीलच्या भांड्याचा की ॲल्युमिनियमच्या, हे त्या पाठमोऱ्या बसून सांगत. पण गेली दोन-तीन वर्षं त्या जरा वैतागलेल्याच असत. बाजारात नादजनक आले होते. नादजनक म्हणजे आवाज घडवणारं यंत्र. त्याला नुसतं सांगायचं की डोंगरातली संध्याकाळ दे, की ते बसल्या जागी संध्याकाळ देतं. लोक तसले आवाज खरे म्हणून पेठेत आणून ठेवत, गिऱ्हाईक फसे, आणि शिव्या खायला पुढे कोण, तर पेठवार्तेच्या कुंदाताई.

म्हणून त्या सोमवारी संशोधन विभागाच्या विहंग सप्रेने नवी परीक्षा तयार झाल्याचं सांगितलं, तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्यांनाच झाला. विहंग होता पस्तिशीचा, हुशार आणि भाबडा. आपला शोध समोरच्याला कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

“कुंदाताई, तारेतून वीज येते ती थरथरत येते,” तो म्हणाला. “त्या थरथरीचा एक बारीकसा ‘गूं’ तारेच्या आसपास कायम असतो. तुम्हाआम्हाला त्याची सवय झालीय, पण ध्वनिमुद्रण यंत्र तो टिपतं. गंमत अशी, की त्या थरथरीची लय कधीच अगदी एकसारखी नसते. कुठे एखादा कारखाना सुरू झाला, कुठे लाखभर पंखे बंद झाले, की ती केसभर हलते. आणि सगळा देश एकाच वीजजाळ्यावर आहे, त्यामुळे ती हलली की सगळीकडे एकाच क्षणी हलते.”

“म्हणजे प्रत्येक मुद्रणाच्या पोटात घड्याळ आहे म्हण की.”

“घड्याळ आणि पंचांग, दोन्ही. लयीची वर्षानुवर्षांची नोंद आपण मिळवलीय. मुद्रणातलं गुंजन त्या नोंदीशी ताडून पाहिलं, की ते कोणत्या क्षणी झालं ते कळतं. जगात जिथे जिथे वीजजाळं आहे, तिथे हेच.”

कुंदाताईंनी लगेच खोच काढली. ध्वनिमुद्रक तर जन्मभर त्या गुंजनाशीच भांडत असतात, ते पुसून टाकल्याशिवाय कुणी आवाज विकायला ठेवत नाही, मग परीक्षा करणार कशाची? विहंगने त्याचाही विचार केलेला होता. गुंजन पुसलं तरी पुसल्याचे व्रण राहतात, आणि त्या व्रणांवरूनही लय वाचता येते. ज्यात गुंजनही नाही आणि व्रणही नाही, असा आवाज एकाच ठिकाणाहून येऊ शकतो, असं त्याने सांगितलं. तो कुठल्याही जागी घडलेलाच नसतो, नादजनकाने घडवलेला असतो.

कुंदाताईंनी त्याच दिवशी झक्कास मथळा दिला: ‘गुंजन नाही, त्याचा जन्म नाही’. खाली नियम आले. परीक्षेत नापास झालेल्या आवाजावर ‘बनावट’ अशी मोहर बसेल. पेठेतून तो महिन्याभरात पुसला जाईल. आणि ठेवणाऱ्याच्या नावासकट ती मोहर पेठेशी जोडलेल्या सगळ्या ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना कळवली जाईल. पंधरवड्यात चार लाखांवर आवाज पकडले गेले, जवळजवळ सगळे संध्याकाळचे. गिऱ्हाइकांची कौतुकाची पत्रं आली, विहंगला पेढे मिळाले, आणि कुंदाताईंनी कितीतरी दिवसांनी कुणाशी भांडण न काढता आठवडा काढला.

मग फुलवंती कासदेकर आली. परतवाड्याच्या एका महाविद्यालयात ती लोकसंस्कृती शिकवायची. वय पंचेचाळीसच्या घरात, चालणं ताठ, बोलणं मोजकं. मेळघाटातलं भिलावढाणा हे तिचं गाव. वीसेक घरांची कोरकू वस्ती. वीस वर्षांपूर्वी वाघांच्या जंगलासाठी ते गाव उठलं आणि माणसं खाली सपाटीवर नव्या वस्तीत आली. उठण्याआधीचं अख्खं वर्ष फुलवंतीने गावाचे आवाज टिपले होते: मोहफुलं वेचणं, उखळ, पहाट, संध्याकाळ. त्यावरच तिचा प्रबंध झाला. पाच वर्षांपूर्वी तिने तो सगळा संग्रह नादपेठेत ठेवला, लोकांनी ऐकावा म्हणून. आता त्यातल्या एकूण एक आवाजावर ‘बनावट’ची मोहर बसली होती. महाविद्यालयाने खुलासा मागितला होता. प्रबंधच खोट्या आवाजांवर उभा असेल तर पदवीचं काय, आणि पदवीवर मिळालेल्या नोकरीचं काय, असा सवाल होता.

“नोकरीचं मी बघून घेईन,” ती म्हणाली. “पण वस्तीतल्या पोरांना आपलं जुनं गाव म्हणून मी हेच ऐकवते. त्यांच्या मोबाइलवर आता तिथे ‘बनावट’ दिसतं. परवा एक पोरगी माझ्या मायला विचारत होती, की आजी, गाव खरंच होतं ना.”

विहंगने संग्रह स्वतः तपासला. गुंजन नाही, व्रण नाहीत. मग त्याने सहज विचारलं, की मुद्रण करताना जवळ वीज कुठे होती. फुलवंती म्हणाली, वीज नव्हतीच. गावात नव्हती, शेजारच्या गावात नव्हती, डोंगरापलीकडेही नव्हती. यंत्राची बॅटरी ती शाळेवरच्या सौरपाटीवर चार्ज करायची.

विहंगचा चेहरा खर्रकन उतरला. एवढी मोठी परीक्षा बांधली, चार देशांतल्या तज्ज्ञांना दाखवली, पण जिथे माणूस आहे तिथे तार असणारच, हे गृहीत धरताना एकालाही खटकलं नव्हतं. खटकणार तरी कसं? सगळे तारेखालीच जन्मलेले. कुंदाताईंना स्वतःचा मथळा आठवला आणि तो जगात कुणी वाचलाच नसता तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

पण नियम छापून गेला होता, आणि परीक्षेवाचून दुसरा पुरावा पेठेचं परीक्षक मंडळ मानत नव्हतं. फाइलवरची तारीख बदलता येते, साक्षीदार सांगतील ते सांगतील. म्हणून तर गुंजन आणलं होतं. विहंगने बराच वेळ पेन फिरवत बसून शेवटी खालच्या आवाजात एक तोड सुचवली. मुद्रण कुठल्या दिवसाचं ते तिला माहीत होतं. त्या दिवसाचं गुंजन त्याच्याकडे होतं. ते हलकेच खाली अंथरलं, की आवाज परीक्षेत पास. कुणाला कळणार नाही, आणि तसं पाहिलं तर खोटंही कुठे आहे, तारीख खरीच तर आहे.

फुलवंतीने त्याचं पूर्ण ऐकून घेतलं.

“सर, आमच्या गावाने विजेसाठी अर्ज केले ते माझ्या आजोबांपासून. खांबसुद्धा आले होते, नदीच्या अलीकडे पडून राहिले. शेवटी गावच उठलं. आणि आता तिथे कुणी उरलेलं नसताना तुम्ही वीज देणार?”

विहंगने पेन खाली ठेवलं. कुंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर नको ते बोलून बसल्या असत्या.

दुसरा मार्ग म्हणून विहंगने वंशमापन करायचं ठरवलं. दोन आवाज एकाच मुळातून आले आहेत का, हे त्यांच्या पोतावरून सांगणारी ती पद्धत. फुलवंतीने टिपलेल्या संध्याकाळी आणि पकडलेल्या बनावट संध्याकाळी शेजारी ठेवायच्या, त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही हे दिसलं, की मंडळापुढे तेवढं तरी मांडता येईल.

निकाल नेमका उलटा आला. नातं होतं, आणि तेही अगदी सख्खं. चार लाख बनावट आवाज आणि भिलावढाण्याचा संग्रह एकाच घरचे होते. विहंगने मापन पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. आता तर प्रकरण अंगाशी आलं, कारण मंडळ सरळ म्हणणार, की बाईंनीही त्याच नादजनकातून गाव काढलं. खोटं कशाला बोला, क्षणभर कुंदाताईंच्याही मनात पाल चुकचुकली. मग स्वतःचाच राग येऊन त्या उठल्या आणि त्यांनी हेडफोन फुलवंतीच्या हातात दिला.

“तुम्हीच ऐका बाई. ज्यांच्याशी तुमचं नातं निघालंय ते ऐकायचा तुम्हाला हक्क आहे.”

फुलवंतीने असले बनावट आवाज कधी कान देऊन ऐकले नव्हते. कुंदाताईंनी पहिली लावली ती उत्तरेकडच्या कुठल्याशा बर्फाळ देशातली संध्याकाळ. फुलवंती मान खाली घालून ऐकत राहिली आणि एकाएकी तिने मान वर केली. दुसरी लावा, म्हणाली. दुसरी होती समुद्रकाठची. तिसरी वाळवंटातली. चौथी लावायच्या आधीच तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलंही नाही.

“पाखरं थांबल्यावर मागे काय येतं, ऐकलंत?” तिने विचारलं.

कुंदाताईंनी ऐकलं होतं. एकदा नव्हे, हजारदा. पाखरांचा कलकलाट ओसरला की दूरवर दोन सूर येतात, एक खालचा आणि एक चढत जाणारा. थोडं थांबून पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. शब्द नाही, वाऱ्याचाच एखादा झोत वाटावा इतकं धूसर. मालिकांमध्ये, जाहिरातींत, मुलांच्या खेळांत, झोप यावी म्हणून लोक लावतात त्या आवाजांत, सगळीकडे ते होतं. ते काय आहे, असा प्रश्न त्यांच्या तिखट कानांना कधी पडला नव्हता. संध्याकाळ अशीच वाजते, असं त्या धरून चालल्या होत्या.

“ती माझी माय आहे,” फुलवंती म्हणाली. “मला घरी बोलावतेय.”

मग तिने सगळं सांगितलं. रोज दिवस मावळताना ती यंत्र घेऊन गावावरच्या टेकाडावर उभी राही. खालून माय हाक मारी, फुलोऽऽ म्हणून. मुद्रण चालू असताना तोंड उघडायचं नाही, हा ध्वनिमुद्रकाचा पहिला धडा. त्यामुळे ती गप्प राही. माय पुन्हा हाक मारी, पुन्हा मारी. वर्षभर, रोज, तीन-तीनदा. शेवटी यंत्र बंद करताना फुलवंती ओ देई आणि खाली पळत जाई.

विहंग खुर्चीवरून उठला आणि येरझाऱ्या घालू लागला.

“मी उलटं समजून बसलो होतो,” तो म्हणाला. “मला वाटायचं, नादजनक गुंजन पुसायला शिकलाय. तो काही शिकत नाही हो, जे ऐकवाल त्याचीच सरमिसळ करून परत देतो. पुसलेले आवाज ऐकवले असते, तर त्याच्या आवाजांत व्रण उमटले असते. व्रण नाहीत, म्हणजे त्याला ऐकवलेल्या आवाजांत गुंजन कधी नव्हतंच. यंत्र बनवणाऱ्यांनी सगळी पेठ धुंडाळून सर्वांत निर्मळ आवाज निवडला असणार. तसा अख्ख्या वर्षाचा संग्रह आपल्याकडे एकच आहे.”

कुंदाताईंना उलगडायला वेळ लागला नाही. म्हणजे विहंगची परीक्षा बनावट आवाज पकडतच नव्हती. ज्यांच्यात भिलावढाणा आहे, ते पकडत होती. चार लाख संध्याकाळी, आणि सगळ्या त्या वीस घरांच्या पोटच्या. बाप्पा, त्या पुटपुटल्या आणि खाली बसल्या.

प्रश्न उरला तो आई कोण आणि लेक कोण, हे मंडळाला दाखवायचं कसं. विहंग म्हणाला, नादजनकाला ऐकवलेलं नव्हतं असं काहीतरी मूळ मुद्रणात सापडायला हवं. फुलवंतीने लगेच सांगितलं, सापडेल. पेठेत ठेवताना प्रत्येक मुद्रणाचं शेपूट कापायचं असतं, माणसाचा आवाज आत राहू द्यायचा नसतो. मायची हाक दुरून, वाऱ्यासारखी येई, म्हणून ती राहून गेली; जवळून दिलेली ओ तेवढी कापावी लागली. खुद्द पेठवार्तेतच ती सूचना छापून येत असे. कापलेले तुकडे टाकून द्यायचा जीव झाला नाही, म्हणून न कापलेली मुद्रणं तिने घरी जपून ठेवली होती.

ती आणली गेली. श्रवणकक्षात मंडळाची माणसं बसली. पाखरं थांबली, हाक आली, समोरच्या डोंगरावर आपटून परत आली. तीनदा. आणि मग अगदी जवळून एका तरण्या पोरीचा आवाज आला, ‘ओ माय, आले’, आणि तोही त्याच डोंगरावर जाऊन परतला. विहंगने सगळ्यांना समजावून सांगितलं: ही ओ बाजारात कधी आलीच नाही, म्हणून एकाही बनावट संध्याकाळीत ती नाही. बाईंनी हाक नादजनकातून घेतली असती, तर तिच्याच दमात, त्याच डोंगराचा पडसाद घेऊन येणारी ही ओ कुठून आली असती? मंडळाला मान्य करावं लागलं. मोहर उठली, महाविद्यालयाला पत्र गेलं, आणि विहंगने फुलवंतीची हात जोडून माफी मागितली. वस्तीतल्या पोरांच्या मोबाइलवरचा ‘बनावट’ शब्द त्याच दुपारी गेला.

बाकीच्या चार लाखांचं मात्र काही होण्यासारखं नव्हतं. त्या सगळ्या संध्याकाळी खरोखरच यंत्राने बनवलेल्या होत्या, गिऱ्हाइकांना शब्द दिलेला होता, येत्या शनिवारी त्या पुसल्या जाणार होत्या. फुलवंतीने त्याला हरकत घेतली नाही. तिने एवढंच मागितलं, की त्याआधी मायला त्या एकदा ऐकवता याव्यात. कुंदाताई म्हणाल्या, मी स्वतः घेऊन येते.

नवी वस्ती सपाटीवर, सिमेंटच्या सारख्या घरांची. फुलवंतीची माय, बुधियाबाई, पलंगावर बसल्या होत्या. नजर गेलेली, कान शाबूत. डोक्यावर पंखा गरगरत होता, कोपऱ्यात फ्रीज घुरघुरत होता. कुंदाताईंनी स्पीकर मांडला आणि सवयीने आपलं ध्वनिमुद्रण यंत्रही चालू करून बाजूला ठेवलं. मग एकामागून एक संध्याकाळी लावल्या: बर्फातली, समुद्रकाठची, वाळवंटातली, नावं न ऐकलेल्या देशांतली. प्रत्येकीत पाखरं वेगळी, वारा वेगळा, आणि मागून तीच हाक. म्हातारीने पहिल्याच हाकेला ओळखलं. सुरुवातीला तिला हसू आलं, पदर तोंडाला लावून ती हसत राहिली. हळूहळू ते हसू विरलं. एक संध्याकाळ संपता संपता ती कोरकूत काहीतरी बोलली. काय म्हणाल्या, असं कुंदाताईंनी विचारलं, तेव्हा फुलवंतीने सांगितलं.

“ती म्हणते, इतक्या मुलखांत मी तुला हाका मारत फिरले, आणि तू एकदाही ओ दिली नाहीस?”

 कुंदाताईंनी पुढची संध्याकाळ लावली, कुठल्याशा बेटावरची. पाखरं थांबली. पहिली हाक आली. दुसरी आली. तिसरी विरायच्या आत फुलवंती उठून मायच्या पायाशी बसली आणि मोठ्यांदा म्हणाली, “ओ माय, आले.” बुधियाबाईंनी चाचपडत तिचं डोकं शोधलं, त्यावर हात ठेवला आणि इतका वेळ कुठे होतीस म्हणून तिला रागावू लागल्या. रागावता रागावता दोघी रडल्या. कुंदाताईही रडल्या, आणि स्पीकर बंद करायचं त्यांना भान राहिलं नाही.

शुक्रवारी विहंगने वस्तीवरचं ते मुद्रण परीक्षेला लावलं, नुसतं बघायला म्हणून. यंत्राने तत्काळ निकाल दिला. गुंजन स्वच्छ. तारीख, वेळ, सेकंदासकट. खरा आवाज, जन्म सिद्ध.

“ताई, यातली संध्याकाळ तर बनावट आहे,” विहंग चक्रावून म्हणाला. “तुम्ही स्पीकरवर वाजवलेली. हिला खरं कसं म्हटलं यंत्राने?” आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं. पंख्याखाली, फ्रीजशेजारी वाजलेला कोणताही आवाज त्या क्षणाचं गुंजन अंगाला लावून घेणारच. उद्या कुणीही नादजनकाचा आवाज आपल्या खोलीत वाजवावा, पुन्हा टिपावा आणि खरा म्हणून पास करून घ्यावा. तो डोकं धरून बसला. “संपली माझी परीक्षा. हिला आवाज खरा की खोटा ते कळतच नाही. तो एका जागी, एका क्षणी वाजला, एवढंच कळतं.”

“वाजलाच की. मी होते तिथे,” कुंदाताई म्हणाल्या.

परीक्षा बंद केल्याची बातमी पुढच्या पेठवार्तेत द्यावी लागणार होती आणि ती कशी लिहायची हे त्यांना अजून सुचलं नव्हतं. पण मोहर बसलेल्या आवाजांबद्दल दिलेला शब्द पाळायचा होता, म्हणून शनिवारी पुसणी झाली. चार लाख संध्याकाळी गेल्या. त्यांतली एकच उरली, मायच्या घरात पुन्हा टिपलेली बेटावरची, कारण ती परीक्षेत रीतसर पास झालेली होती. फुलवंतीला विचारून कुंदाताईंनी ती मायलेकींच्या नावाने विक्रीला ठेवली. शेपूट कापलं नाही.